तो मंद टेल करंट क्लोराइडचा आहे का, आणि असला तर पेशीला भडकवतो की शांत करतो?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. रॅटच्या डीआरजी पेशी, म्हणजे पाठीच्या कण्यालगतच्या गाठींमधल्या संवेदी चेतापेशी, तुम्ही कल्चरमध्ये वाढवल्या आहेत. होल-सेल पॅच करून (म्हणजे बारीक काचेची नळी, पिपेट, पेशीला चिकटवून तिथलं पटल फोडून) पेशी उणे ८० मिलिव्होल्टला धरता, १०० मिलिसेकंद शून्यावर नेता आणि परत उणे ८० ला आणता. परत आल्यावर आतल्या दिशेचा एक मंद करंट, म्हणजे टेल करंट, दिसतो, तो विरायला अर्धा-पाऊण सेकंद लागतो. बाथमध्ये, म्हणजे पेशीभोवतीच्या द्रावणात, कॅल्शियम चॅनल अडवणारं कॅडमियम सोडलं की तो जातो, क्लोराइड चॅनल अडवणाऱ्या निफ्लुमिक ॲसिडने निम्म्यावर येतो. गाइड म्हणतात, हा कॅल्शियमने उघडणारा क्लोराइड करंट. तुम्हाला पडलेले प्रश्न दोन. हे सिद्ध कसं करायचं? आणि पुस्तकात क्लोराइड चेतापेशीला शांत करतं असं लिहिलेलं असताना हा करंट आतल्या दिशेचा, म्हणजे पेशीला भडकवणारा कसा?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तिथे एक गफलत आहे. गेली अनेक वर्षं नवीन आलेला जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी ती करतो, मीही केली होती. तुमच्या पिपेटमध्ये सिझियम क्लोराइड आहे, १४० मिलिमोलर. होल-सेल झाल्यापासून मिनिटा-दोन मिनिटांत पेशीचं स्वतःचं क्लोराइड धुऊन जातं आणि त्या जागी तुमच्या पिपेटमधलं येतं. बाहेर साधारण १५०, आत १४०. म्हणजे क्लोराइडचा समतोल (ज्या व्होल्टेजला त्याची ये-जा सारखी होते तो आकडा) जवळजवळ शून्य मिलिव्होल्टवर. पेशी उणे ८० ला धरली असताना क्लोराइडचा कुठलाही दरवाजा उघडा, क्लोराइड बाहेरच धावणार. ऋण भार बाहेर जाणं आणि धन भार आत येणं ॲम्प्लिफायरला सारखंच, म्हणून ट्रेस खाली जातो. तो करंट आतल्या दिशेचा आहे हे पेशीने सांगितलेलं नाही, तुमच्या बाटलीतल्या द्रावणाने सांगितलंय. हीच पेशी तुम्ही ७ मिलिमोलर क्लोराइडच्या पिपेटने पॅच केलीत तर समतोल उणे ७५ च्या आसपास जाईल आणि उणे ८० ला तुमचा टेल करंट दिसेनासा होईल. चॅनल तेवढेच, कॅल्शियम तेवढंच, दिसणार मात्र काही नाही.

म्हणून या विषयात मी एका गोष्टीचा आग्रह धरते. क्लोराइड चॅनलला स्वतःचा स्वभाव नसतो. सोडियमचा चॅनल उघडला की पेशी वर जाणार, पोटॅशियमचा उघडला की खाली, हे आपण डोळे मिटून म्हणू शकतो, कारण त्या दोघांचे समतोल जवळजवळ सगळ्या चेतापेशींत ठरलेल्या बाजूला असतात. क्लोराइडचं तसं नाही. त्याचा समतोल विश्रांतीच्या व्होल्टेजच्या अगदी शेजारी असतो, आणि तो त्या रेषेच्या वर की खाली हे दोन वाहक प्रथिनं ठरवतात. एनकेसीसी१ क्लोराइड आत ओढतो, केसीसी२ बाहेर काढतो. प्रौढ मेंदूतल्या बहुतेक पेशींत केसीसी२ चं पारडं जड, म्हणून आत क्लोराइड कमी. डीआरजी पेशींत केसीसी२ जवळजवळ नसतो, एनकेसीसी१ मात्र प्रौढ वयातही कामावर असतो, म्हणून आत क्लोराइड ३० ते ५० मिलिमोलरच्या घरात. मधला ४० चा आकडा धरा, बाहेर १३० धरा, ३७ अंशांवर गणित करा: समतोल साधारण उणे ३१ मिलिव्होल्ट येतो. तीच बेरीज-वजाबाकी आत ७ धरून करा, उणे ७८ येईल. पुस्तकातलं 'शांत करणारं क्लोराइड' म्हणजे हा दुसरा आकडा. तुमची पेशी पहिल्या आकड्यातली आहे.

पण इथेही घाई करू नका. उणे ३१ म्हणजे विश्रांतीच्या व्होल्टेजपेक्षा वर, तेव्हा चॅनल उघडला की पेशी वर सरकणार हे खरं. वर सरकणं म्हणजे भडकणं असं मात्र नाही. याचा सगळ्यात जुना पुरावा याच पेशींत आहे. मज्जारज्जूत शिरणाऱ्या त्यांच्या टोकांवर गाबा (क्लोराइडचे चॅनल उघडणारा संदेशवाहक रेणू) पडलं की टोकं वर सरकतात, तरीही परिणाम संदेश दाबण्याचा होतो. पटलाची गळती वाढते, सोडियम चॅनलांचा काही हिस्सा निष्क्रिय होतो आणि येणारा स्पाइक, म्हणजे पेशीचा विद्युत ठोका, लहान पडतो. तोच क्लोराइड, तोच समतोल, पण उघडे दरवाजे किती, किती वेळ आणि पेशीच्या कुठल्या भागात, यावर निकाल फिरतो. तेव्हा 'आतल्या दिशेचा, म्हणून उत्तेजक' हे वाक्य थिसिसच्या मसुद्यात असेल तर काढून टाका. त्यासाठी वेगळा प्रयोग लागतो, त्याकडे शेवटी येते.

आता पहिला प्रश्न, सिद्ध कसं करायचं. कॅडमियमने करंट गेला, यावरून एवढंच कळलं की त्याला कॅल्शियम आत यायला हवं. कॅल्शियमवर अवलंबून असलेले आतल्या दिशेचे मंद करंट आणखीही असतात. टीआरपीएम४ सारखे चॅनल कॅल्शियमने उघडतात आणि सोडियम आत घेतात. सोडियम-कॅल्शियमची अदलाबदल करणारा वाहकही कॅल्शियम बाहेर टाकताना आतल्या दिशेचा लहानसा करंट काढतो. पोटॅशियम तुम्ही सिझियमने बंद केलंय, ते ठीक. उरलेल्यांपासून क्लोराइड वेगळं काढायचं तर रिव्हर्सल, म्हणजे करंट दिशा पालटतो ते व्होल्टेज, मोजायचं आणि बाहेरचं क्लोराइड बदलून ते हलतंय का ते पाहायचं. शून्यावरचा स्टेप तसाच ठेवा, म्हणजे दर वेळी कॅल्शियम तेवढंच आत येईल. परतीचं व्होल्टेज तेवढं बदला: उणे १००, उणे ८०, असं करत अधिक ८० पर्यंत. टेल कुठे दिशा पालटतो ते पाहा. मग बाहेरचं बहुतेक क्लोराइड काढून तिथे मोठा, चॅनलातून न जाणारा ऋण आयन घाला आणि सगळं पुन्हा करा. क्लोराइड दहापट कमी केलंत तर खोलीच्या तापमानाला रिव्हर्सल ५८ मिलिव्होल्टच्या आसपास वर सरकायला हवं. मोठा आयनही थोडा शिरतोच, म्हणून प्रत्यक्षात जरा कमी सरकतं.

ऐकायला सोपं वाटतं. माझे इथे सहा आठवडे गेले, ते सांगते.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी हाच प्रयोग करत होते. बाथमधलं क्लोराइड १५० वरून १५ वर आणलं आणि रिव्हर्सल जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट हललं. पुन्हा केलं, तेच. नवी पेशी, नवं द्रावण, तेच. वहीत मी ठळक अक्षरांत लिहीत गेले की हा करंट क्लोराइडचा नाही. एका संध्याकाळी प्रयोगशाळेतली एक सीनियर माझ्या सेटअपपाशी उभी राहिली, बाथमध्ये डोकावली आणि विचारलं, "ब्रिज कुठंय?" माझी ग्राउंडची चांदीची तार थेट बाथमध्ये बुडवलेली होती.

ही तार म्हणजे चांदीवर सिल्व्हर क्लोराइडचा थर. आपण ती ब्लीचमध्ये बुडवून ठेवतो, चकाकी जाऊन ती करडी-जांभळट झाली की वापरतो. या तारेचं व्होल्टेज तिच्याभोवतीच्या द्रावणात क्लोराइड किती आहे त्यावर ठरतं. क्लोराइड दहापट कमी केलं की तार स्वतःच ५८ मिलिव्होल्ट सरकते. म्हणजे ॲम्प्लिफायरला वाटतं पेशी उणे ८० ला आहे, आणि ती खरं तर उणे २२ ला असते. आता गंमत बघा: क्लोराइड करंटचं खरं रिव्हर्सल ५८ ने वर गेलं, आणि माझी मोजपट्टीही त्याच दिशेने ५८ ने सरकली. दोन्ही एकमेकांत विरले. करंट जितका शुद्ध क्लोराइडचा, तितकं हे रद्द होणं पक्कं. म्हणजे सहा आठवडे माझ्यासमोर उत्तम पुरावा होता आणि मी तो उलटा वाचत होते. मला आजही लागून राहिलेली गोष्ट अशी की चूक त्याच ट्रेसवर दिसत होती. टेलच्या आधीचा कॅल्शियम करंटही नव्या बाथमध्ये ५० हून जास्त मिलिव्होल्ट डावीकडे सरकलेला होता. कॅल्शियम चॅनलला बाहेरच्या क्लोराइडशी काय देणंघेणं? तो सरकायलाच नको होता. मी ते पेशी थकल्याचं लक्षण मानून पुढे गेले.

तेव्हा तार वेगळ्या खळग्यात ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवा आणि तिथून बाथपर्यंत अगारचा ब्रिज घाला. अगार त्याच पोटॅशियम क्लोराइडमध्ये उकळून काचेच्या वाकवलेल्या नळीत भरा, बुडबुडा राहू देऊ नका. ब्रिज लावूनही द्रावण बदलताना काही मिलिव्होल्टांचं जंक्शन पोटेन्शियल (दोन द्रावणं भिडतात तिथलं व्होल्टेज) उरतं, ते मोजून वजा करा. आणि प्रत्येक पेशीत कॅल्शियम करंटचा उच्चांक कुठल्या व्होल्टेजला येतो ते दोन्ही द्रावणांत नोंदवा. तो जागचा हलला नसेल तरच तुमच्या टेलच्या रिव्हर्सलवर विश्वास ठेवा. आयता मिळालेला साक्षीदार आहे तो, वापरा.

क्लोराइडच्या जागी काय घालायचं? बहुतेक जण ग्लुकोनेट उचलतात, कपाटात ते असतंच. ग्लुकोनेट कॅल्शियमला धरून ठेवतं. १३०-१४० मिलिमोलर ग्लुकोनेट घातलंत तर बाथमधलं मोकळं कॅल्शियम निम्म्याहून खाली जातं, कॅल्शियम करंट घटतो आणि मागोमाग टेलही घटतो. तुम्हाला वाटतं क्लोराइड काढल्याने घटला. खरं तर बाहेरचं क्लोराइड कमी केल्यावर उणे ८० चा टेल मोठा व्हायला हवा, कारण बाहेर धावण्याचा जोर वाढलेला असतो. मिथेनसल्फोनेट वापरा, ते कॅल्शियमला फारसं धरत नाही. उलट दिशेची तपासणी हवी असेल तर थायोसायनेट घ्या. हे चॅनल क्लोराइडपेक्षा आयोडाइडला आणि त्याहूनही थायोसायनेटला सहज वाट देतात, म्हणून बाहेर ते घातलं की रिव्हर्सल उणे बाजूला सरकतं. टीआरपीएम४ किंवा अदलाबदलीचा वाहक असं करणार नाही. हे दोन प्रयोग, एक वर सरकवणारा आणि एक खाली सरकवणारा, एकाच पेशीत जमले तर परीक्षकाला विचारायला फारसं काही उरत नाही.

निफ्लुमिक ॲसिडबद्दल मी कठोर आहे. ते मुळात सूज उतरवणारं औषध, क्लोराइड चॅनल अडवणं हा त्याचा जोडधंदा. १०० मायक्रोमोलरला ते कॅल्शियम चॅनलांनाही हात लावतं, काही पोटॅशियम चॅनल उलट उघडतं. तुमचा टेल निम्म्यावर आला तेव्हा आधीचा कॅल्शियम करंट किती राहिला होता? तो आकडा तुमच्या प्रश्नात नाही. तो आधी काढा. त्यानंतर आलेले रेणू, टी१६एइन्ह-ए०१, सीएसीसीइन्ह-ए०१ आणि २०१६ सालचा एनी९, यांत एनी९ सगळ्यांत कमी मात्रेत काम करतो आणि मी तोच सुचवते. तरी याही गटातले काही रेणू पेशीतलं कॅल्शियमच बदलतात असं दिसून आलंय. कॅल्शियम बदललं की टेल बदलणारच, चॅनलला न शिवताही. औषधाचा पुरावा रिव्हर्सलच्या पुराव्यानंतर जोडीला ठेवा, त्याच्या जागी नको.

चॅनल कुठला, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण थिसिसमध्ये लागेल. हा करंट १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बेडकाच्या अंड्यांत आणि सॅलमँडरच्या डोळ्यातल्या प्रकाशपेशींत नोंदला गेला होता, आणि १९८५ साली रॅटच्या कल्चरमधल्या संवेदी पेशींत, म्हणजे तुमच्याच पेशींत, स्पाइकनंतर जी वरची शेपटी दिसते ती या करंटने येते हे दाखवलं गेलं. जीन मात्र सापडेना. क्लोनिंगसाठी सगळे झेनोपस बेडकाची अंडी वापरत, आणि त्या अंड्यांत हा करंट आधीच भरपूर. निसर्गात त्याचं कामही सुरेख आहे: पहिला शुक्राणू शिरला की अंड्यात कॅल्शियम उसळतं, क्लोराइड बाहेर धावतं, अंड्याचं व्होल्टेज वर जातं आणि दुसऱ्या शुक्राणूला दार बंद होतं. अशा अंड्यात नवा क्लोराइड चॅनल शोधणं म्हणजे भर बाजारात कुजबुज ऐकणं. सॅन फ्रान्सिस्कोच्या यान दांपत्याच्या प्रयोगशाळेने ॲक्झोलॉटलची अंडी घेतली. त्यांत अनेक शुक्राणू शिरतात आणि चालतं, म्हणून हा करंट जवळजवळ नसतो. त्या शांत अंड्यांत टीएमईएम१६ए हाती लागला. त्याच वर्षी, २००८ मध्ये, इटलीतल्या जेनोआच्या आणि कोरियातल्या सोलच्या गटांनीही वेगळ्या वाटांनी तोच जीन गाठला. सोलच्या उहटेक ओ यांनी त्याला ॲनोक्टामिन नाव दिलं: ॲनायन वाहणारा, पटलातून आठ वेळा जाणारा. पुढे २०१४ मध्ये एका बुरशीच्या नातेवाईक प्रथिनाची आणि २०१७ मध्ये उंदराच्या टीएमईएम१६ए ची रचना उलगडली तेव्हा आठ नव्हे, दहा फेऱ्या निघाल्या. नाव तेच राहिलं. प्रथिन जोडीने असतं आणि जोडीतल्या प्रत्येकाला स्वतःचं वेगळं छिद्र असतं, प्रत्येक छिद्रालगत कॅल्शियमचे दोन आयन बसतात. डीआरजीतल्या लहान, वेदना नेणाऱ्या पेशींत मुख्यतः ॲनो१ (टीएमईएम१६ए) असतो, तर नाकात, डोळ्यात आणि मेंदूच्या बऱ्याच भागांत ॲनो२ (टीएमईएम१६बी).

कॅल्शियमचे हे दोन आयन बसणं व्होल्टेजवरही अवलंबून असतं. अधिक ६० मिलिव्होल्टला ॲनो१ ला काहीशे नॅनोमोलर कॅल्शियम पुरतं, उणे ६० ला मायक्रोमोलरच्या घरात लागतं. ॲनो२ ला त्याहून जास्त. विश्रांतीत पेशीतलं कॅल्शियम १०० नॅनोमोलरच्या आसपास असतं. यातून तुमच्या पिपेटबद्दल एक गोष्ट निघते. त्यात ईजीटीए, म्हणजे कॅल्शियम धरून ठेवणारा रेणू, किती आहे? १० मिलिमोलर असेल आणि तरीही टेल दिसत असेल तर ती मोठी बातमी आहे, चॅनल कॅल्शियमच्या दाराला अगदी चिकटून आहे असा त्याचा अर्थ. ०.२ किंवा ०.५ असेल तर तसं काही म्हणता येणार नाही. ईजीटीए कॅल्शियम धरायला सावकाश, बाप्टा झटपट. दोन्ही समान मात्रेत वापरून पाहिलं की दार आणि चॅनल किती जवळ आहेत याचा अंदाज येतो.

डीआरजीत ही जवळीक महत्त्वाची ठरली आहे. इंग्लंडमधल्या लीड्सच्या गटाने दाखवलं की ब्रॅडिकायनिन, जखमेत तयार होणारा वेदनेचा रेणू, पेशीच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम सोडवतो आणि त्यावर ॲनो१ उघडतो. त्याच वेळी पेशीला आवरून धरणारा एम-प्रकारचा पोटॅशियम करंट बंद होतो. एक हात ब्रेकवरून निघाला, दुसरा रेसवर पडला. पुढे २०१३ मध्ये त्यांनीच दाखवलं की लहान डीआरजी पेशींत ॲनो१ आतल्या साठ्याच्या पटलाला खेटून बसलेला असतो, आणि व्होल्टेजने उघडणाऱ्या चॅनलांतून येणारं कॅल्शियम त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही. तुमचा टेल तर व्होल्टेज स्टेपनेच येतोय. मग तुमच्या पेशी कुठल्या? आकार नोंदवलाय का? कल्चरमध्ये किती दिवस झाले? नस कापल्यावर हा करंट दाखवणाऱ्या पेशींचं प्रमाण वाढतं हे जुनं निरीक्षण आहे, आणि गाठ काढून पेशी सुट्या करणं म्हणजे प्रत्येक पेशीची नस कापणंच आहे. पहिल्या दिवसाच्या आणि चौथ्या दिवसाच्या पेशी वेगवेगळ्या ओळींत मांडा.

या करंटचा वेदनेशी संबंध किती थेट आहे, यासाठी दोन गोष्टी. २०१२ मध्ये सोलच्या गटाने दाखवलं की ॲनो१ स्वतःच ४४ अंशांच्या वर तापलं की उघडतो, आणि डीआरजीतून तो काढून टाकलेले उंदीर चटक्याला कमी प्रतिसाद देतात. २०१५ मध्ये जपानमधून आणखी एक दुवा आला: मिरचीच्या कॅप्सेसिनने उघडणारा टीआरपीव्ही१ आणि ॲनो१ एकमेकांना बिलगून असतात. टीआरपीव्ही१ मधून आलेलं कॅल्शियम शेजारच्या ॲनो१ ला उघडतं, क्लोराइड बाहेर जातं आणि आग वाढते. ॲनो१ अडवला की उंदरांचं पंजा चाटणं कमी होतं. ठेच्याचा घास घेतल्यावर जीभ पेटते ती एकट्या कॅप्सेसिनच्या चॅनलने नव्हे, त्याचा आवाज वाढवणारा क्लोराइडही त्यात असावा असं मला या प्रयोगांवरून वाटतं. ज्या पेशीत क्लोराइड आत साठवलेलं आहे तिथेच हे होऊ शकतं.

हाच डाव नाकात सर्वांत मोठ्या प्रमाणावर चालतो. फोडणीचा वास नाकातल्या पेशीच्या केसांवर, म्हणजे सिलियांवर, बसला की आधी सायक्लिक एएमपीने उघडणारे चॅनल थोडं सोडियम आणि कॅल्शियम आत घेतात. त्या कॅल्शियमने ॲनो२ उघडतो आणि क्लोराइड बाहेर धावतं. उंदीर-रॅटमध्ये एकूण करंटचा ८० टक्क्यांहून जास्त भाग या दुसऱ्या पायरीचा असू शकतो. सिलियांमध्ये क्लोराइड ५० मिलिमोलरच्या वर भरून ठेवलेलं असतं, आणि बाहेरच्या शेंबडात तेही साधारण तेवढंच, म्हणून समतोल शून्याच्या जवळ. एकेक चॅनल फारच बारीक, सुमारे १ पिकोसीमेन्सचा. बारीक दरवाजे पुष्कळ असले की एकेकाच्या उघडझापीची खरखर बेरजेत बुडून जाते आणि संदेश वाढतो तो स्वच्छ वाढतो. मला ही रचना फार आवडते. तरीही २०११ मध्ये जर्मनीतल्या गटाने ॲनो२ काढून टाकलेले उंदीर केले तेव्हा करंट गेला आणि वास ओळखणं जवळजवळ तसंच राहिलं. पुढे इटलीत त्रिएस्तेच्या गटाने बारकाईने पाहिलं तर फरक निघाला: वासाला पेशींचं फायरिंग उलट वाढलेलं होतं, आणि अनोळखी वासाचं पुरलेलं खाणं शोधायला हे उंदीर कमी पडत होते. एवढा मोठा करंट काढूनही वर्तन थोडंच बदललं, हे लक्षात असू द्या. करंटचा आकार पाहून त्याचं महत्त्व ठरवायचा मोह होतो.

उलट बाजूचं उदाहरण हिप्पोकॅम्पसचं. तिथल्या पिरॅमिडल पेशींत आतलं क्लोराइड कमी. स्पाइकच्या वेळी पेशी अधिक व्होल्टेजला असते, कॅल्शियम येतं, ॲनो२ उघडतो आणि क्लोराइड आत शिरतं. २०१२ मध्ये यान प्रयोगशाळेनेच दाखवलं की इथे तो स्पाइक आखडता घेतो आणि सायनॅप्सवरून येणाऱ्या संदेशाला स्पाइकपर्यंत पोचणं अवघड करतो. जो चॅनल नाकात आतल्या दिशेचा करंट वाढवतो तोच इथे पेशीला दाबतो, आणि दोन्हीकडे त्याची घडण एकच आहे.

आता तुमच्या पेशीत तो काय करतो, ते पाहायचा प्रयोग. होल-सेल सोडा आणि ग्रॅमिसिडिनने छिद्रं पाडून पॅच करा. ग्रॅमिसिडिनच्या छिद्रांतून सोडियम-पोटॅशियमसारखे एक-भारी धन आयन जातात, क्लोराइड जात नाही, म्हणून पेशीचं स्वतःचं क्लोराइड जागेवर राहतं. ॲम्फोटेरिसिन किंवा निस्टाटिन चालणार नाही, त्यांतून क्लोराइड गळतं. ग्रॅमिसिडिन डीएमएसओमध्ये त्याच दिवशी विरघळवा, दोन तासांनी त्याचा जोर उतरतो. पिपेटचं टोक ग्रॅमिसिडिन नसलेल्या द्रावणाने भरा, नाहीतर सील बसतच नाही. मग वाट पाहा, अर्धा तास ते पाऊण तास. सीरिज रेझिस्टन्स, म्हणजे पिपेट आणि पेशी यांच्यामधला विद्युत अडथळा, हळूहळू खाली येतो. ४० मेगाओमच्या खाली आला की कामाला लागा. आधी गाबाचा छोटा पफ देऊन वेगवेगळ्या व्होल्टेजला त्याचं रिव्हर्सल काढा. बाथ हेपेसचा असेल, बायकार्बोनेट घातलेलं नसेल, तर ते बऱ्यापैकी क्लोराइडचाच समतोल असतं. त्या एका पेशीचा, त्या दिवसाचा आकडा. मग करंट क्लॅम्पवर (करंट देऊन व्होल्टेज मोजायच्या पद्धतीवर) जा, लहानसा धक्का देऊन एक स्पाइक काढा, मागची शेपटी पाहा, दुसरा धक्का ५० आणि १०० मिलिसेकंदांनी द्या आणि दुसरा स्पाइक निघायला लागणारा करंट कमी झालाय की जास्त ते मोजा. एनी९ देऊन पुन्हा मोजा. दुसरा स्पाइक स्वस्त झाला असेल तर भडकवतो, महाग झाला असेल तर दाबतो. मला वाटतं दोन्ही प्रकारच्या पेशी तुम्हाला सापडतील.

या प्रयोगात पिपेटमध्ये मुद्दाम जास्त क्लोराइडचं द्रावण ठेवा, १४० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइडच. पॅच मध्येच नकळत फुटला तर पिपेटमधलं क्लोराइड आत घुसतं आणि गाबाचं रिव्हर्सल काही मिनिटांत शून्याकडे चालायला लागतं. म्हणून दर दहा मिनिटांनी गाबाचा पफ द्या. आकडा उणे तिशीत स्थिर असेल तर पुढे चला. सरकताना दिसला की ती पेशी तिथेच सोडा, रेकॉर्डिंग कितीही देखणं आलेलं असलं तरी.